घोंगडीचं दुसरं टोक

हात लावून बघा. टोचते ना? टोचणारच. मी घोंगडी आहे, शाल नाही. मला अंगावर घ्यायचं तर थोडं टोचून घ्यावं लागतं, मग ऊब मिळते. सध्या माझा मुक्काम शहरातल्या एका घराच्या माळ्यावर आहे, बिघडलेल्या कूलरच्या शेजारी. घरातली नात मला बघितलं की म्हणते, "आजी, हे टाकून दे ना, वास येतो." वास मेंढीचा आहे, पोरी. आणि थोडा धुराचा. माझं एक टोक जळलेलं आहे, त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

माझा जन्म कन्नड तालुक्यातला, पिशोरच्या बाजूचा. गावाचं नाव मी सांगणार नाही. तशी गावं तेव्हा पुष्कळ होती, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीची सुटल्यासारखी होतात.

मल्हारी धनगराच्या काळ्या मेंढ्यांची मी लोकर. त्याच्या बायकोनं, बानाबाईनं, मला मांडीवर घेऊन कातलं. बाई भारी बडबडी. मेंढ्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची आणि कातता कातता माझ्याशीही बोलायची. मग मल्हारी अंगणातल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला आणि त्यानं मला विणलं. चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणली, तेव्हा मी इतकी ताठ झाले होते की भिंतीला टेकवली असती तर उभी राहिले असते. मल्हारीनं माझ्या दोन्ही टोकांना हात फिरवला आणि खूश होऊन मिशीत हसला.

पण मी त्याच्यासाठी नव्हते. मी साहेबरावच्या वाट्याची होते.

साहेबराव म्हणजे गावाचा येसकर. गावाची राखण करायची, कुणी मेलं की उन्हातान्हात गावोगाव सांगावा न्यायचा, कुणाचं जनावर मेलं की ते ओढून न्यायचं, गाव गोळा करायचं असलं की आरोळी द्यायची. बापानं केलं, आज्यानं केलं, म्हणून यानंही करायचं. त्याला कुणी बाजारात विकत घेतलं नव्हतं, म्हणून गुलाम कुणी म्हणत नसे. पण "आज माझ्यानं होणार नाही" एवढं वाक्य त्याच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारलं नव्हतं. बदल्यात संध्याकाळी घरोघरची भाकर, सुगीला चार पेंढ्या, आणि जुनी फाटली की धनगराच्या घरची एक नवी घोंगडी. त्याच्या घरानं बाबासाहेबांच्या मागोमाग बुद्धाचा धम्म घेतला होता. कायद्यानं वतनंही गेली होती. पण आमच्या गावाच्या शिवेपर्यंत यायला कायद्याला बहुतेक बैलगाडी मिळत नव्हती.

संध्याकाळी साहेबराव माझी झोळी करून निघायचा. "येसकराला भाकर वाढा, माय." बानाबाईच्या दाराशी आलं की मला वाटायचं, ही आता मला ओळखेल. बाई बाहेर यायची आणि हात लागू नये म्हणून वरून भाकर सोडायची. जिनं मला मांडीवर वाढवलं तिचा हात माझ्यापासून वीतभर वर थांबायचा. मला फार लागायचं ते. पण बाई वाईट नव्हती. तिच्या सासूनं तसंच केलं होतं, तिनं तसंच उचललं.

गंमत मात्र पुढं आहे. गावात साहेबराव "मल्हारराव, तुम्ही" म्हणायचा आणि लांब उभा राहायचा. तेच दोघं माळावर, मेंढ्यांच्या वाड्याजवळ भेटले की साहेबराव मला खाली अंथरायचा. एका टोकावर तो बसायचा, दुसऱ्या टोकावर मल्हारी. कुणी हटकलं तर मल्हारीचं उत्तर तयार असायचं, "लोकरीला इटाळ नसतो. आमच्या आज्यापास्नं चालत आलंय." जुन्या लोकांची समजूतच होती तशी. मग तिथं "मल्हारी" आणि "साहेबा" अशा हाका चालायच्या, तंबाखू एका चंचीतून निघायची, आणि मल्हारी मेंढीच्या दुधाचा चहा करायचा. दोघांनाही वाटायचं, गावाला कसं गंडवलं. एवढ्याशा घोंगडीवर आपली दोस्ती निभावून जाईल, असं त्यांनी खरोखर धरून चाललं होतं. मलाही तसंच वाटायचं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं.

साहेबरावचा मुलगा अप्पाराव औरंगाबादला कॉलेजात शिकत होता. सुट्टीला आला की तोही वाड्यावर यायचा. एकदा त्यानं परीक्षेसाठी वाचलेली गोष्ट सांगितली.

"समुद्रापलीकडं एक देश हाय, मल्हारीकाका. तिथं खालच्या अंगाला कापूस पिकायचा. अन् तो वेचायला काळ्या माणसांना दूरदेशातनं धरून आणून, बाजारात बोली लावून विकायचे."

"माणसांचा बाजार?" मल्हारीनं विचारलं. "दात बघून?"

"दात बघून. लेकरू आईपासून तोडून. वरच्या अंगाचे लोक म्हणायला लागले, हे बंद करा. खालचे म्हणाले, आमचा कापूस कोण वेचंल? मंग नवीन मुलूख देशात आला की भांडण, हितं गुलाम ठेवायचे का नाय? दर वेळी तडजोड केली. थोडं तुमचं, थोडं आमचं. पळून गेलेल्या गुलामाला धरून परत द्यायचा कायदा केला, तवा जे गप व्हते ते बी पेटले. शेवटी गुलामी पसरू नये म्हणणारा माणूस देशाचा मुख्य झाला. खालच्यांनी सांगितलं, आमचा देश येगळा. तोफा डागल्या. चार वर्षं घरातल्या घरात लढाई झाली, सहा लाखाच्या वर माणसं मेली. काही घरांत एक भाऊ हिकडं, एक तिकडं."

मल्हारीनं कळपाबाहेर निघालेली एक मेंढी आत वळवली. मग म्हणाला, "ज्याच्याकडं शंभर गुलाम व्हते, त्यो लढला ते समजलं. पर ज्या गरिबाच्या दारात एक बी नव्हता, त्यो खालचा माणूस कामून लढला?"

"कारणं लई होती, काका. पण एक असं की, आपल्याखाली कुणीतरी हाय, एवढीच त्याची इस्टेट. ती जाईल म्हणून भ्याला."

"येडीच माणसं," म्हणत मल्हारी पोट धरून हसला. साहेबरावही हसला. त्यांचं हसणं माझ्या दोन्ही टोकांना जाणवत होतं.

पुढच्याच वर्षी काकासाहेबांच्या गोठ्यात म्हैस मेली. काकासाहेब म्हणजे गावचा मोठा जमीनदार, त्याचा शब्द गाव खाली पडू देत नसे. गडी बोलवायला आला. साहेबराव मला पांघरून ओट्यावर बसला होता. तो उठला, टोपी घातली, पुन्हा बसला. तो म्हणाला, "मालकाला सांग, म्हैस त्यांची हाय. त्यांनीच वढावी." घरातून म्हाताऱ्या गोजरबाईचा, त्याच्या आईचा, आवाज आला, "साहेबा, काय बोलून बसला रे लेका!"

बोलून बसला खरा. म्हैस गोठ्यात सडली, कारण तिला हात लावायला गावात दुसरं कुणी नव्हतं. मग गिरणीवाल्यानं साहेबरावच्या वस्तीचं दळण घेणं बंद केलं. शेतात मजुरी बंद झाली, दुकानात मीठ मिळेना. गावाची विभागणी झाली. वस्ती एका बाजूला, बाकी गाव दुसऱ्या बाजूला. रोजची भाकर आणायला मला आता न्यायची गरज नव्हती. साहेबरावची बायको मुक्ताबाई लांबच्या गावी खडी फोडायला जायची. त्या घरात तेव्हा भाकरी थोड्या असत, पण वरून टाकलेली एकही नसे. मल्हारी मात्र वाड्यावर भेटत राहिला. चंचीतली तंबाखू आणि थोडी बाजरी द्यायचा. "माझं काय, म्या ना हिकडचा ना तिकडचा," असं म्हणायचा.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. मराठवाड्याच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, असा ठराव मुंबईला झाला. नाव शहरातल्या विद्यापीठाचं. आमच्या गावातल्या निम्म्यांनी ते विद्यापीठ पाहिलंही नव्हतं. पण ती म्हैस अजून लोकांच्या डोक्यात सडत होती. शेजारच्या गावांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मुक्ताबाई वस्तीतली पोरंसोरं घेऊन बाजरीच्या शेतात लपायला गेली. गोजरबाईला चालवत नव्हतं, म्हणून साहेबराव तिच्यापाशी थांबला. अप्पाराव शहरात होता.

दुपार कलली आणि पारावरून आरोळी आली, "घरटी एक माणूस! घरटी एक माणूस!"

ही आमच्या गावची फार जुनी रीत. बंधारा फुटला की घरटी एक माणूस, देवळाला कळस चढवायचा की घरटी एक माणूस. जो येणार नाही त्याला गावाच्या पाण्याला जागा नाही, त्याच्या मेंढ्या कुणी खतासाठी शेतात बसवून घेणार नाही. आजवर ही आरोळी साहेबरावच देत आला होता. त्याच्या बापाआज्यानं ती देऊन देऊन गावाला सवय लावली होती. त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ती ऐकताना साहेबराव हळूच म्हणाला, "आता कळस नाय चढवायचा, आई."

मग ते आले. आमचं घर म्हणजे पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आणि वर गवताचं छप्पर. पेटायला कितीसा वेळ लागणार? साहेबरावनं मला रांजणात बुडवलं. ओल्या लोकरीला आग लवकर धरत नाही, हे त्याला मल्हारीनंच वाड्यावर शिकवलं होतं. त्यानं मला जमिनीवर पसरलं, गोजरबाईला माझ्यावर निजवलं आणि डोक्याकडचं टोक धरून ओढू लागला. म्हातारी लहानशी होती, पण अंगात जीव नसल्यासारखी जड झाली होती. उंबऱ्याशी मी अडकले. धुरानं साहेबरावचे डोळे मिटत होते. त्यानं वर पाहिलं.

दाराबाहेर दोन हातांच्या अंतरावर मल्हारी उभा होता. घरटी एक माणूस, म्हणून आलेला. एका हातात कुऱ्हाड होती, दुसरा हात रिकामा होता. मी पाहिला तो हात. त्याच हातानं मला विणलं होतं.

"मल्हारी," साहेबराव ओरडला, "ते टोक धर! आत ये, तू ते टोक धर!"

सगळं गाव ऐकत होतं. गावासमोर तो आयुष्यात पहिल्यांदा त्याला "तू" म्हणाला होता.

मल्हारीचा रिकामा हात थोडा हलला. मग थांबला.

छपराचं आढं दारातच खाली आलं, वाट बंद झाली. मला मागं वळवताना माझं पायाकडचं टोक निखाऱ्यात गेलं. साहेबरावनं एकट्यानं हिसडा देऊन मला बाहेर काढलं, म्हातारीसकट. मागल्या कुडाला भगदाड पडलं होतं, तिथून. तो आईला पाठीवर टाकून शेतात पळाला. बाजरीत मुक्ताबाईच्या मांडीवर गोजरबाई गेली. छातीत धूर भरला होता. तिच्या डोळ्यांवरून हात फिरवून मुक्ताबाईनं मला तिच्या तोंडावर ओढलं. माझ्यात तेव्हा पाणी होतं, राख होती, आणि ती दोघं नवराबायको माझ्यात तोंड खुपसून रडत होती. त्या दिवसाइतकी जड मी पुन्हा कधी झाले नाही.

ते चालत देवगाव रंगारीला आले आणि तिथून मालट्रकमध्ये बसून औरंगाबादला. शहर तेव्हा फुगत चाललं होतं. चिकलठाण्याला कंपन्यांचे भोंगे वाजायचे, पुढं वाळूजला माळावर शेड उभ्या राहिल्या. अप्पारावनं कॉलेज सोडलं आणि एका कंपनीत पॅकिंगला लागला. नामांतराचा मोर्चा असला की तिकडं, पोलिसांनी सोडलं की पाळीवर. साहेबराव एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाला. म्हणायचा, "हितं बी राखणच करतो, पर महिना भरला की पगार देतात अन् म्हशी वढायला सांगत नाय." कंपनीनं त्याला मऊ ब्लँकेट दिलं. मी ट्रंकेत गेले.

मुक्ताबाई कधीमधी विचारायची, "मल्हारीभाऊनं टोक कसं काय नाय धरलं हो?"

"त्याला मागून धरलं व्हतं गं," साहेबराव म्हणायचा. "दोघांनी."

वर्षं जात होती तशी धरणारी माणसं वाढत गेली. दोघांची तिघं झाली, तिघांची चौघं. कधी त्यांत काकासाहेब असायचा, कधी त्याचे गडी. मी ट्रंकेतून ऐकायचे. मला तिथं मल्हारीच्या मागं कुणाचा हात दिसला नव्हता. पण धूर फार होता. मीही मनाशी म्हणायचे, असेल, कुणी धरलं असेल.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. वस्तीत निळा गुलाल उधळला, बायका एकमेकींना मिठ्या मारून रडल्या. अप्पाराव नाचून नाचून घसा बसवून आला. साहेबराव पायरीवर बसून होता. कपाळाला कुणीतरी निळं बोट लावलं होतं. म्हणाला, "आईला सांगायला पाहिजे व्हतं."

त्याच उन्हाळ्यात अप्पारावला पडेगावजवळ, दौलताबादच्या रस्त्याला मेंढ्यांचा कळप दिसला. कळपामागं मल्हारी होता. हे कळल्यावर दोनेक दिवस साहेबरावचं जेवणात लक्ष नव्हतं. मग त्यानं मला ट्रंकेतून काढलं, काखेत मारलं आणि निघाला.

मल्हारी वाळून गेला होता. त्यानं आधी मला ओळखलं, मग साहेबरावला. साहेबरावनं मला लिंबाखाली अंथरलं आणि आपल्या टोकाला बसला. मल्हारी उभाच राहिला. खाली वाकून त्यानं माझी जळकी कड बोटांनी चाचपली आणि शेजारी मातीत बसला.

"बाना कशी हाय?"

"हाय. कातत नाय आता. त्या दिसापास्नं तिनं लोकरीला हात लावला नाय. म्या बी मागाचा खड्डा बुजवला."

मेंढ्या लिंबाचा पाला चघळत होत्या.

"एक इचारतो, मल्हारी. खरं सांगशील. तवा तुला मागून कुणी धरलं व्हतं का?"

मी त्या क्षणी धाग्याधाग्यातून विनवत होते, हो म्हण. खोटं बोल. या माणसाचा सगळा संसार त्या एका उत्तरावर उभा आहे रे, हो म्हण.

मल्हारी मातीत बोटानं रेघा ओढत होता.

"नाय," तो म्हणाला. "कुणीच धरलं नव्हतं. समदे बघत व्हते, एवढंच."

"मंग?"

"तू गावासमोर मला 'तू' म्हणालास, साहेबा. वाड्यावर रोज म्हणायचास. पर तितं, समद्यांच्या पुढं... माझा हात निघाला व्हता. तेवढ्यानं थांबला." तो रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं बघवत नाही. "अप्पा सांगत व्हता ना त्या गरीब लोकांचं, ज्यांच्या दारात एक बी नव्हता ते कामून लढले. अन् म्या हासलो व्हतो रे."

मल्हारीनं विचारलं, "टोक धरलं असतं तर आई जगली असती का?"

"व्हय," साहेबराव म्हणाला. "जगली असती."

तो उठला. मला घडी घालायची तर दोन माणसं लागतात, मी लांबरुंद आहे. मल्हारी सवयीनं पुढं झाला, दुसऱ्या टोकाकडं त्याचा हात आला. सोळा वर्षं उशिरा आला.

"राहू दे," साहेबराव म्हणाला. त्यानं मला छातीशी धरून एकट्यानंच वेडीवाकडी गुंडाळलं. वाटेत त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मल्हारी मेंढ्यांमध्ये तसाच उभा होता, हात पुढं केलेला.

घरी मुक्ताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "भेटला का?"

"भेटला."

"काय म्हणाला?"

साहेबराव पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला.

"चौघांनी धरलं व्हतं म्हणतो. लई रडत व्हता."

"म्या म्हणतच व्हते," मुक्ताबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली. "मल्हारीभाऊ तसा नव्हताच."

त्या दिवसानंतर साहेबरावनं मला ट्रंकेत ठेवलं नाही, उशाशी घेतलं. तो गेला तेव्हाही मी उशाशी होते. मल्हारी परत कधी या बाजूला आला नाही. मुक्ताबाई आता फार थकली आहे. नातीला ती अजून सांगते, गावात आपला एक जीवाभावाचा माणूस होता, पण लोकांनी त्याला धरून ठेवलं होतं गं. मला ते ऐकवत नाही. पण खरं काय ते तिला कळू नये, असंही वाटतं. एवढी खरखरीत मी, पण तिच्यापुढं मऊ पडते.

आज मला माळ्यावरून खाली काढलंय. नात मला गच्चीवर उन्हात टाकायला घेऊन आलीय आणि एकटीच झटकायला बघतेय. धूळ तिच्याच नाकातोंडात जातेय, बिचारी शिंकून बेजार झालीय. घोंगडी एकट्यानं झटकता येत नाही, पोरी. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी ती मुलगी आहे ना, तिला हाक मार. "ते टोक धर" म्हण. जळकं आहे, पण धरता येतं.

आणि तुम्हाला, जे एवढा वेळ माझं टोचणं सोसून ऐकत बसलात, त्यांना एवढंच सांगते. उद्या कुणी तुम्हाला अशी हाक मारली, तर त्यानं "तू" म्हटलं की "तुम्ही", ते ऐकत उभे राहू नका. धरा.